पट्ट्याचं शेपूट

६ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद. तू खुशाल आहेस असं धरून चालतो, कारण तसं धरलं नाही तर मला जेवण जात नाही.

काल ताई डबा घेऊन आली तेव्हा म्हणाली, की तू नवी सायकल घेतलीस आणि तिच्या पायडलमध्ये बूट अडकतो. मी विचारलं, अडकतो म्हणजे? ती म्हणाली, "अडकतो म्हणजे अडकतो. फोनवर खिदळत सांगत होता." फोनवरचं मला आता धड ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. सातवी नापास माणसानं लिहिलंय, तसंच वाच.

अरे, मी जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. वाटेल तेव्हा पाय टेकता येतो, ही एकच गोष्ट सायकलीत चांगली आहे. बाकी सगळी ती त्रासच देते. तू नेमकी तीच काढून टाकलीस! सहासष्ट वय, उजवा गुडघा बदलून दोन वर्षं झालेली, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. आणि दोन्ही पायांना कुलूप लावून हा रस्त्यावर निघाला. ट्रक आला तर त्याला सांगणार का, थांब, किल्ली शोधतो?

वरची खोली रंगवून झाली. पांढराच दिला, तुला फिकट निळा हवा होता पण तो लवकर मळतो. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडी बसवली आहे. मी स्वतः लोंबकळून पाहिली, हलत नाही. जिन्याच्या चौथ्या पायरीला भेग होती ती बुजवली. एप्रिलमध्ये तू कायमचा आलास की या घरात पुन्हा दोन कप चहा होईल. हिच्या माघारी सहा वर्षं मी एकच कप धुतोय, आणि एकच कप धुवायचा मला फार कंटाळा येतो.

तेव्हा हातापायानं धड ये. ती पायडलं दुकानदाराला परत कर. घेत नसेल तर माझं नाव सांग. घेणार नाहीच, पण सांग.

दादा


१४ जानेवारी

दादा,

नमस्कार. तुझं नाव सांगितलं. दुकानदार म्हणाला, कोण?

तू चार पानं घाबरलास, म्हणून नीट समजावून सांगतो. बुटाच्या तळव्याला क्लीट नावाचा लहानसा धातूचा तुकडा दोन स्क्रूंनी बसवतात. पेडलमध्ये स्प्रिंगची पकड असते. पाय वरून दाबला की खट् करून बसतो. काढायचा तेव्हा टाच बाहेरच्या बाजूला वळवायची, बस. पकड किती घट्ट हवी ते एका स्क्रूनं ठरतं. मी ती सगळ्यात सैल ठेवली आहे. शिकवणारी आमच्या सायकलवाल्यांच्या गटातली दातांची डॉक्टर आहे, पन्नाशीची, जिभेला हाड नसलेली बाई. तिनं मला आधी तीन दिवस भिंतीला धरून उभं केलं. आत, बाहेर. आत, बाहेर. शंभर वेळा. म्हणाली, "काका, अडकवायला कुणालाही येतं. सुटायला आधी शिका."

चौथ्या दिवशी मैदानात गेलो. चाललो मस्त, थांबलो आणि उभ्याचा आडवा झालो. वेग शून्य. बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. गवत होतं, लागलं नाही.

आता खरं सांगतो. हे शौक म्हणून चाललेलं नाही. त्या सायकल-शर्यतीत पडून पाय मोडल्यावर बाबा दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "याला स्वतःचा पायसुद्धा काढता आला नाही." पंक्चर काढायला आलेल्या माणसालाही सांगायचे. त्याला त्याचं काय! एकोणीस वर्षांचा होतो मी, प्लास्टर मांडीपर्यंत. ते वाक्य घेऊन मी घर सोडलं, आणि ते अजून माझ्याजवळ आहे. मला एकदा पाहायचं आहे, की घट्ट बसलेला पाय मला वेळेवर काढता येतो की नाही. आला तर आला. नाही आला तर बाबा बरोबर होते असं समजून गप्प बसेन.

एप्रिलचं पक्कं. पांढराही चालेल.

बारक्या


२० जानेवारी

बारक्या,

पत्र पोचलं. तू पडलास ते पान मी तीन वेळा वाचलं. ताई म्हणाली, "गवतावर पडलाय ना, मग झालं तर. त्याला सवय आहे पडायची." तिचं बोलणं मनावर घेऊ नको. ती तुझ्यासाठी पायमोजे विणतेय.

बाबांचं बोलणं कशाला उकरायचं? माणूस जाऊन एकतीस वर्षं झाली. ते सगळ्यांनाच बोलायचे. मला गिऱ्हाइकांसमोर गाढव म्हणायचे, मी काय गाढव झालो का? त्या शर्यतीत जे झालं ते झालं. त्या काळी पाय पट्ट्यानं बांधायच्या त्या पिंजऱ्याच्या पायडलांवर कितीतरी पोरं पडायची. कुणी कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं.

आज पार्सलनं साध्या पायडलांची जोडी पाठवली आहे. माझ्याकडची शेवटची नवी जोडी, जपून ठेवली होती. डावीवर खडूनं खूण केली आहे. तिचे आटे उलटे असतात, ती उलटी फिरवायची, नाहीतर आटे मारशील. बसवताना आधी ग्रीस लाव. पान्याला पाय लावून जोर देऊ नको, पाना निसटला तर नडगी फुटते. ही बसव आणि ते दुसरं काढून ठेव. माझ्यासाठी एवढं कर.

खोलीच्या खिडकीला जाळी लावून घेतो, डास आहेत. तुला उशी उंच लागते की बसकी? पुढच्या पत्री कळव. अजून एक लिहायचं होतं, पण राहू दे.

दादा


११ फेब्रुवारी

दादा,

उशीर झाला, कारण उजवं मनगट सुजलं होतं. मोडलं नाही, फोटो काढून पाहिला. ताईला सांगितलं नाही, तूही सांगू नको. तिला विषय मिळेल.

सिग्नलला पडलो. मागं बस होती. टाच वळवायची माहीत होतं, शंभर नाही हजार वेळा घोकलं होतं, पण ऐन वेळी पाय वळलाच नाही, सरळ मागं ओढला गेला. तो काही सुटेना. आडवा झालो. बसवाल्यानं खाली उतरून मला उचललं आणि वर शिव्याही दिल्या. डॉक्टरीण म्हणाली, "काका, तुम्ही मागं का ओढता? हे कुठलं शिकलात?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पिंजऱ्याच्या पेडलमधून पाय तसाच निघायचा, मागं ओढून. पण आधी अंगठ्यानं बक्कल उचलून पट्टा सैल करायचा. त्या दिवशी मी घाबरून नुसताच ओढला असणार, बक्कल उचललंच नसणार. मला इतकी वर्षं वाटायचं की उचललं होतं. अंगठा बकलाखाली गेल्याचं मला लख्ख आठवतं. पण सिग्नलला मला कळलं, की घाबरलेल्या माणसाचं शरीर भलतंच करतं आणि मन मागाहून भलतीच साक्ष देतं.

म्हणजे बाबा खरं बोलत होते. हे लिहिताना मला वाटलं तेवढं वाईट वाटलं नाही. उलट हलकं वाटलं. इतकी वर्षं मी त्या माणसावर मनातून दात धरला, त्याच्या शेवटच्या आजारपणातही आलो नाही. आता घरी आलो की पहिल्यांदा त्यांच्या फोटोपुढे उभा राहणार आणि म्हणणार, चुकलो, तुमचं बरोबर होतं.

तू तेव्हा सगळ्यांच्या आधी माझ्यापाशी पोचला होतास, जादा ट्यूब घेऊन मागं होतास म्हणून. एकच सांग. मी रडत होतो का? आणि माझा हात कुठे होता?

पायडलं मिळाली. कागदं उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवली आहेत. उशी बसकी.

बारक्या


१६ फेब्रुवारी

बारक्या,

मनगटाला गरम पाण्यानं शेक. वजन उचलू नको.

विचारलंस त्याचं मला नीट आठवत नाही. रडत होतास बहुतेक. हात हँडलवर होता. गर्दी फार होती.

इकडे सगळं ठीक.

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

आभार. हात हँडलवर होता म्हणजे प्रश्नच मिटला. बकलाकडे गेलाच नव्हता.

काल फेरी संपल्यावर सगळे चहाला बसलो होतो, तिथं मी ही गोष्ट पहिल्यांदा गटाला सांगितली. बाबांची नक्कल करून सांगितली. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. डॉक्टरीण हसली नाही, म्हणाली, "काका, गुडघा गेला, रेल्वेच्या खेळाडू कोट्यातली नोकरी गेली, त्यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, स्वतःच्या हातानं घालवलं की हसायला मोकळीक असते.

आता पाय सुटतो. परवा अकरा सिग्नलना अकरा वेळा सुटला. एप्रिलच्या नऊ तारखेचं तिकीट काढलं आहे. सायकल वेगळी पाठवतोय. जिन्याखाली जागा कर.

बारक्या


३ मार्च

बारक्या,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. तीन वेळा फाडलं. आता फाडत नाही.

तुझा हात हँडलवर नव्हता. तुझा अंगठा बकलाखाली होता. नख उलटं झालं होतं, रक्त आलं होतं. तू बक्कल उचलत होतास आणि ते उचललं जात नव्हतं.

कारण मी पट्टा तसा बांधला होता. त्या सकाळी मी तुझ्या पायडलपाशी बसलो होतो, आठवतं तुला? पट्टा ओढून घट्ट केला, पण त्याचं शेपूट वीतभर लोंबत राहिलं. मला वाटलं, हे चाकात जाईल. मी सदा असाच, काहीतरी चाकात जाईल असं मला वाटतच राहतं. मग मी ते शेपूट वळवून पुन्हा बकलातून घातलं आणि आत खोचलं. दूधवाल्यांच्या कॅरियरला मी पट्टे तसेच बांधायचो. दुहेरी खोचलं की खड्ड्यातसुद्धा कॅन हलत नाही. दूधवाले माझ्याकडेच यायचे, बाबांकडून बांधून घ्यायचे नाहीत. मला त्याचा तोरा होता. मी तुझा पाय कॅनसारखा बांधला, बारक्या. कॅनला मधेच उतरायचं नसतं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. देवाशपथ आलं नाही.

इथवर चूक आहे. पुढचं चूक नाही.

बैलगाडी आडवी आली, सगळे थांबले, तू पडलास, मागचे तुझ्यावर पडले. मी पोचलो तेव्हा तू ओरडत होतास आणि पाय अजून पिंजऱ्यातच होता. मी वाकलो. लोक येईपर्यंत मी ते शेपूट बकलातून बाहेर ओढलं. साधं लोंबतं केलं. मग तुझा पाय काढला. सगळ्यांना वाटलं, भाऊ पाय सोडवतोय.

हॉस्पिटलात बाबांनी विचारलं, "पट्टा नीट होता ना?" मी म्हटलं, "नीट होता. घाबरला असेल." एवढंच म्हटलं. पुढचं सगळं त्यांनी त्यावर रचलं, आणि ताईनं त्यांच्यावरून. मी दुकानात त्यांच्या शेजारी बसून ते ऐकायचो आणि चाक सरळ करत राहायचो.

सोळा तारखेलाही मी खोटंच लिहिलं. पण तू त्यांच्या फोटोपुढे उभा राहून चुकलो म्हणणार, आणि मी मागं उभा असणार. ते माझ्यानं होणार नाही.

नऊ तारखेला तू ये. मला काय बोलायचं ते तोंडावर बोल. मी जिन्याखालची जागा केली आहे.

दादा


३० मार्च

बारक्या,

पत्र मिळालं का? टपालात गहाळ तर नाही ना झालं? पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला पाहून रस्ता बदलतो. तुझी सायकलही आली नाही. तब्येत बरी नसेल तर तसं कळव, दोन ओळी पुरे. रागात असशील तर तेही कळव.

ताई विचारते, नऊ तारखेला जेवायला काय करायचं. मी तिला म्हटलं, अजून ठरायचं आहे.

दादा


१२ एप्रिल

दादा,

तिकीट रद्द केलं. इथल्या खोलीचा करार तीन वर्षांनी वाढवून घेतला आहे. रागानं येत नाही असं समजू नको, असं लिहिणार होतो. पण रागानंच येत नाही.

पट्टा खोचलास त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तू तेवीस वर्षांचा होतास, माझ्या काळजीनं बांधलास, आणि तुला दुसरं काही येत नव्हतं. पण तू तो माझ्या किंकाळीत गुपचूप सोडलास. माझा पाय सोडवायच्या आधी स्वतःला सोडवलंस. आणि मग सत्तेचाळीस वर्षं मला विचारत राहिलास, जेवलास का, औषध घेतलंस का, उशी उंच हवी की बसकी.

तुझी काळजी मला आवडायची. दुनियेत एक माणूस माझ्यासाठी घाबरतो, असं वाटायचं. आता जुनी पत्रं काढून वाचली. प्रत्येक पत्रात तू माझ्यासाठी घाबरलेला आहेस की माझ्यामुळे, हे मला सांगता येत नाही. ती सगळी एका पिशवीत भरून ठेवली आहेत. रद्दीवाला शनिवारी येतो.

आणि बाबा. ते गेले तेव्हा मी आलो नाही. तू मला तार केलीस, "ताबडतोब नीघ." तेव्हा एक ओळ आणखी लिहिता आली असती.

मी अजून सायकल चालवतो. काल चाळीस किलोमीटर झालं. प्रत्येक सिग्नलला पाय सुटला. काही वाटलं नाही. ज्या माणसाला दाखवायचं होतं, त्याला दाखवण्यासारखं कधी काही नव्हतंच. माझा पाय तेव्हाही सुटला असता. तो महिनाभर मी स्वतःवर हसलो, लोकांना हसवलं, आणि किती आनंदात होतो! तेही तू बरोबर वेळ साधून काढून घेतलंस. आधी सांगितलं असतंस तर बरं, नाहीतर कधीच नाही.

एक काम कर. ताईला हे कळव. तिनं माझी गोष्ट सगळ्या नात्यात सांगितली आहे. माझ्यासाठी स्थळं यायची तेव्हाही, समोरच्या लोकांना हसत हसत सांगायची, "आमचा बारक्या फार घाबरट बाई." तुझं पत्र मी तिला पाठवू शकतो. पाठवणार नाही. माझ्या हातून गेलं तर ती म्हणेल, बघा, अजून कारणं देतोय. तुझ्या हातून जाऊ दे. ते वाचून तिनं मला फोन केला, की मग खोलीचं काय ते पुन्हा बोलू. त्याआधी लिहू नको.

बारक्या


२८ एप्रिल

बारक्या,

लिहू नको म्हणालास तरी लिहितोय. पण खोटं लिहीत नाही, म्हणून वाच.

तू म्हणालास तसं ताईला पत्र लिहिलं. तोंडानं सांगायला गेलो होतो आधी, दोनदा. पहिल्यांदा ती आमटी वाढत होती. दुसऱ्यांदा म्हणाली, "असा काय बघतोस? साखर वाढली का?" मी हो म्हटलं. मग बसून लिहून काढलं, तुला लिहिलं तसंच सगळं, शेपटाचं, सोडवल्याचं, हॉस्पिटलातलं. पाकिटात घातलं. वर तिचं नाव घातलं. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, तिकीटसुद्धा लागत नाही.

बारक्या, ती रोज साडेबाराला येते. गुडघे धरत जिना चढते. डबा उघडते, मी जेवेपर्यंत समोर बसते, कालचा डबा घेऊन जाते. तेवढा अर्धा तास या घरात कुणी बोलतं. तिला तू ओळखतोस. बाबांचं नाव तिच्या लेखी देवाचं आहे. त्यांना मी जन्मभर खोट्यात ठेवलं आणि तिच्या तोंडून तुझी नालस्ती करवली, हे तिला कळलं तर ती पुन्हा त्या जिन्यावर पाऊल ठेवणार नाही. तू येशील, असं तू म्हणतोस. येशीलही. पण तूसुद्धा नक्की असं लिहिलं नाहीस. पुन्हा बोलू, असं लिहिलं आहेस.

मी सत्तर वर्षांचा आहे. तुला मी गमावलंच आहे, हे तुझ्या पत्रात दोनदा वाचलं. तिला अजून नाही. हे लिहिताना मला माझीच शिसारी येतेय, पण हे असं आहे.

पत्र फाडलेलं नाही. मी गेल्यावर तिला सापडावं म्हणून औषधांच्या डब्यात, गोळ्यांच्या खाली ठेवलं होतं. मग लक्षात आलं, तो डबा ती रोज उघडते. काढून घेतलं.

दादा